नोकरीचं बंधन नाही, मग कुठल्या राज्यात जाऊन राहावं?

ठाणेकर५८

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा चैनीचा वाटेल पण खरंच अडलोय. मी ५८, गेल्या वर्षी बँकेतून व्हीआरएस घेतली. बायको घरून प्रूफं तपासते, तिला लॅपटॉप आणि बरं वायफाय दिलं की झालं. मुलगी जर्मनीत, ती परत येईल असं काही दिसत नाही. आई ८२ वर्षांची, आमच्याजवळच असते. घोडबंदर रोडला आता इतका कंटाळलोय की गाडीची किल्ली हातात घेतली तरी डोकं दुखायला लागतं.

तर मी एक एक्सेल केलंय. उन्हाळ्यातलं तापमान, हवा, भाडं, हॉस्पिटल किती लांब, विमानतळ किती लांब, इंटरनेट, असे कॉलम करून दहापैकी मार्क दिलेत. सध्या पहिला हिमाचल (पालमपूर), दुसरा गोवा, तिसरं म्हैसूर. केरळ बायकोने कापलं, घामाचं कारण देऊन, म्हटलं ठाण्यात काय कमी घाम येतो का, पण जाऊ दे. दोन वर्षं हेच चाललंय आणि दर रविवारी मार्क बदलतात. कोकणात का नाही असं कोणी विचारू नका, तिथे भावकी आहे.

कोणी खरंच असं उठून दुसऱ्या राज्यात गेलंय का? घर विकत घ्यावं की भाड्याने राहावं?

पालमपूरहून_परत

मी गेलो होतो, पालमपूरलाच. दोन वर्षं राहिलो आणि परत आलो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी विकत घ्यायचं डोक्यातून काढा. हिमाचलमध्ये कलम ११८ म्हणून आहे, तिथला शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. मला वाटलं आपल्याकडे वाईजवळ सातबारा आहे, आपण शेतकरीच की. तर नाही, शेतकरी म्हणजे हिमाचलचा शेतकरी, तुमचा सातबारा तिथे नुसता कागद. उत्तराखंडवर डोळा असेल तर तिथेही २०२५ मध्ये बाहेरच्यांसाठी नियम आणखी कडक झालेत.

आता राहण्याचं. सकाळी खिडकी उघडली की धौलाधारचे डोंगर समोर, खाली चहाचे मळे, पहिले सहा महिने मी रोज फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकायचो. माणसंही सरळ. पण जानेवारीत आठाच्या आधी नळाला हात लावायची सोय नाही, आणि सगळं घर गरम ठेवणं परवडत नाही म्हणून एका खोलीत हीटर लावायचा आणि तिघांनी तिथेच जेवायचं, तिथेच टीव्ही, तिथेच भांडण. बायकोचे गुडघे पहिल्याच हिवाळ्यात गेले. घर उतारावर होतं, रस्त्यावर यायला ६४ पायऱ्या. घर बघायला गेलो तेव्हा मला त्या पायऱ्या रोमँटिक वाटल्या होत्या.

मोठं सरकारी हॉस्पिटल टांड्याला आहे, ते चांगलं आहे, पण पुढचं काही निघालं की चंदीगड. विमानतळ कांग्र्याचा, छोटा, ढग आले की विमान रद्द. नॅरोगेज रेल्वे होती पठाणकोटहून, तिचा चक्की नदीवरचा पूल २०२२ च्या ऑगस्टमध्ये वाहून गेला. माझे वडील वाईला गेले तेव्हा ओळीने दोन दिवस विमान उडालं नाही, शेवटी टॅक्सीने दिल्ली गाठली, मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तुमच्या एक्सेलमध्ये "विमानतळ किती किलोमीटर" असेल, "विमान किती वेळा उडतं" हा कॉलम आहे का?

म्हापसेकर_ताई

गोव्याबद्दल मी सांगते, अकरा वर्षं झाली इथे. भाषेचा प्रश्न येणार नाही, मराठी पेपर मिळतो, नाटकं होतात, देवळात आईंचा वेळ छान जाईल, आणि गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, आहे. पण तुम्ही नक्कीच डिसेंबरात येऊन मार्क दिले असणार. जुलैत या. कपाटातल्या चपलांवर बुरशी, लाईट दिवसातून चारदा जाते, आणि वायफायचा माणूस म्हणतो पाऊस थांबला की येतो, म्हणजे सप्टेंबर.

विकत घेणार असाल तर एक-चौदाचा उतारा बघायचा, तुमच्या सातबाऱ्यासारखाच. आम्ही एक जुनं घर बघितलं होतं, इतकं सुंदर, बलकांव (दारापुढचा बसायचा व्हरांडा), शिंपल्यांच्या खिडक्या, विहीर. उतारा काढला तर मालकांच्या रकान्यात १४ नावं, त्यातली अर्धी लिस्बन, लंडन आणि टोरांटोला, दोन वारलेली, आणि मागच्या अंगणात एक मुंडकार कुटुंब ज्यांना कायद्याने तिथून उठवता येत नाही (आणि उठवूही नये, ते तिथे आपल्या आधीपासून आहेत). एजंट म्हणाला सगळं होईल. वकील म्हणाला आपल्या हयातीत नाही. आम्ही सोसायटीतला फ्लॅट घेतला आणि बलकांवचे फोटो बघतो.

भाडं आता ठाण्याइतकंच झालंय तसंही. आणि बरेच घरमालक अकरा महिन्यांचा करार करायलाच तयार नसतात, सीझनला पर्यटकांकडून जास्त मिळतं ना.

रंकाळा_रिटर्न्स

कोल्हापूर हे वेगळं राज्य म्हणून धरता येईल का? आम्ही धरतो.

ठाणेकर५८

@रंकाळा, तिथे माझी सासुरवाडी आहे, त्यामुळे तो कॉलम बायको भरणार.

@पालमपूरहून_परत, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. ६४ पायऱ्या वाचल्यावर हिमाचल खाली घेतलं. ताई, तुमचंही पटलं, मी डिसेंबरातच आलो होतो. म्हणजे आता म्हैसूर पहिलं?

धारवाडचा_जावई

म्हैसूर छानच आहे, पण तुमच्यासाठी लांब पडेल, आणि तिथे तुम्ही कायमचे पाहुणे राहाल. कर्नाटकातच जायचं तर धारवाड बघा ना. मी मूळचा पुण्याचा, बायको इथली, २०२१ ला इकडे आलो. मालमड्डीत राहतो, वरच्या मजल्यावरच्या आजी आमच्याशी मराठीत बोलतात, नवऱ्याशी कन्नडमध्ये आणि मांजराशी दोन्हीत. दुकानात मराठी कळतं, बऱ्याच जणांना येतंही. तरी कन्नड शिकाच, नुसतं "बेकु" (हवं) आणि "बेडा"वर (नको) फार दिवस निघत नाहीत, आणि समोरचा आपल्यासाठी मराठी बोलतोय ही त्याची मेहेरबानी आहे, हक्क नाही, हे डोक्यात ठेवलं की कुठे काही अडत नाही.

हवा म्हणाल तर एप्रिलचे काही आठवडे सोडले तर पंख्यावर भागतं. सत्तूरला एसडीएमचं मोठं हॉस्पिटल आहे. हुबळी २० किलोमीटर, चिगरी नावाच्या बीआरटीएस बस सतत असतात, विमानतळही हुबळीलाच. पुण्याला जायला २०२४ पासून वंदे भारत आहे, रोज नाही पण आहे. गाण्याचं तर सांगायला नको, मल्लिकार्जुन मन्सूर इथेच राहायचे, आणि अजूनही कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये फुकट मैफल असते आणि समोर पन्नास माणसं, त्यातली चाळीस जाणकार, त्यामुळे चुकीच्या जागी दाद द्यायची भीती वाटते.

आता वाईट बाजू. पाणी. हुबळी-धारवाडचं पाणी म्हणजे विनोद आहे. काही वॉर्डांत २००८ च्या सुमारास चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला, त्यांची चैन. बाकीच्यांना पाच-सहा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. म्हणून घर बघताना हॉल किती मोठा, व्ह्यू काय हे विचारू नका, पाणी कितव्या दिवशी येतं आणि संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) किती लिटरचा आहे ते विचारा. मी पहिल्या घरात हे विचारलं नव्हतं. पाणी रात्री दोनला यायचं, मी बनियनवर मोटर लावायला जिन्याखाली, आणि समोरचे रिटायर्ड प्रोफेसरही बनियनवर. आमची ओळख तशीच झाली, आता चांगली दोस्ती आहे.

दुसरं, इथे "लीज"वर घर मिळतं. म्हणजे एकदम मोठी रक्कम द्यायची, दर महिन्याला भाडं नाही, सोडताना रक्कम परत. ऐकायला झकास. आमच्या पहिल्या मालकाने ती रक्कम मुलीच्या लग्नात खर्च केली आणि परत द्यायला चौदा महिने लावले. साधं भाडं द्या. विकत घ्यायची वेळ आली तर पालिकेच्या नोंदीत घर ए खाता (कागद नियमित) का बी खाता (अनियमित) ते आधी विचारा, बी असेल तर बँक कर्जाला हात आखडते, तुम्ही बँकेतले, तुम्हाला काय सांगायचं.

आणि गाडी. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर तिकडून एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणून इकडे नंबर घ्यावा लागतो. इकडचा टॅक्स आधी भरायचा, तिकडचा उरलेला परत मागायचा. भरणं एका दिवसात होतं. परत मागायचा अर्ज मी २०२२ ला केला, तेव्हापासून मी आशावादी आहे.

सुगंधा_तिसरा_मजला

मी मगाचपासून सगळं वाचतेय. काका, राग मानू नका, पण तुमच्या एक्सेलमध्ये वायफायला कॉलम आहे आणि आईंना नाही. त्यांना विचारलंत का? मी माझ्या सासूबाईंना नाशिकहून बंगळुरूला नेलं, घर मस्त, दहाव्या मजल्यावर, लिफ्ट, गार्डन. त्या आठ महिने बाल्कनीत बसून होत्या. बोलायला कोणीच नाही. कामाला येणारी बाई तेलुगू, वॉचमन आसामचा. शेवटी नाशिकला फोन करून भाजीवाल्याशी बोलायच्या, भाव विचारायच्या, घ्यायची काही नसायची.

ठाणेकर५८

सुगंधाताई, राग कसला, शरम वाटली. विचारलं नव्हतं. तीन दिवस गप्प होतो, मग एक प्रकार झाला.

काल संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती, म्हटलं आई, आपण दुसऱ्या राज्यात राहायला गेलो तर तुला चालेल का. मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारतोस, मी एकदा गेलेय की. बसल्या जागी." मला कळेना. तर तिचं माहेर निपाणी. ते मला माहीत होतं, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं की १९५६ च्या १ नोव्हेंबरला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (म्हणजे आजच्या कर्नाटकात) गेली आणि ही तेव्हा तेरा वर्षांची होती. म्हणाली, "आदल्या दिवशी झोपलो मुंबईत आणि उठलो म्हैसुरात. सामानसुद्धा बांधायला लागलं नाही." मग म्हणाली शेजारी एक हुक्केरीकडचं कन्नड घर होतं, त्यांच्या मुलीबरोबर मी दिवसभर असायचे. आणि मेथीच्या जुड्या मोजायला लागली, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.

५८ वर्षांत मी हिच्या तोंडून कन्नडचा एक शब्द ऐकला नव्हता. बायकोला विचारलं, ती म्हणते मला माहितीये, गेटवर इडलीचं पीठ विकतो ना त्याच्याशी त्या रोज बोलतात, म्हणून तर आपल्याला एक वाटी जास्त मिळते.

जावईबापू, जुलै-ऑगस्ट दोन महिने भाड्याने काही मिळेल का धारवाडमध्ये? तळमजला हवा, कमोड हवा. पावसाळाच हवा, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. गाडी ठाण्यातच ठेवतो. विकत घेण्याचं नंतर बघू.

म्हापसेकर_ताई

आईंना माझा नमस्कार सांगा. आणि ते पिठाचं लक्षात ठेवा, धारवाडला एक वाटी कोण जास्त देणार तेही बघा.

धारवाडचा_जावई

मिळेल. सप्तापुरात एक तळमजला आहे, दोन खोल्या आणि पुढे कट्टा, आईंना बसायला बरा पडेल. समोरच गिरमीट-मिरची भजीवाला आहे, हा फायदा की तोटा ते तुम्ही ठरवा. फोटो पाठवतो. पाणी पाचव्या दिवशी येतं म्हणाले. संप किती लिटरचा विचारलं तर मालक म्हणतात "मोठा आहे". उद्या जाऊन झाकण उघडून बघतो.