मदत हवी आहे: रॅलीच्या गाडीत वेगमर्यादेचा आवाजी इशारा

मंडळी, दोन स्टेजच्या (वेळ लावून शर्यत होते त्या टप्प्यांच्या) मधल्या साध्या रस्त्यावर वेगमर्यादा पाळावीच लागते, ओलांडली की दंड. तिथे ड्रायव्हरची नजर रस्त्यावर आणि शेजारी बसून वाट सांगणाऱ्या नॅव्हिगेटरची रोडबुकात (वाटेच्या खुणांच्या वहीत), काट्याकडे बघायचं कोणी? म्हणून आवाजी इशारा बसवायचा विचार आहे.

अडचण वेग कुठून घ्यायचा ही आहे. साधा जीपीएस सेकंदाला एकदाच आकडा देतो. ९० च्या वेगात तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते, दाट झाडीत तर सिग्नलच दगा देतो. चाकाचा सेन्सर चटकन सांगतो, पण चाक घसरलं किंवा टायरचा घेर बदलला की आकडा चुकतो. १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा वेळा आकडा देणारा जीपीएस कोणी वापरलाय का?

दुसरं म्हणजे बझर. इंजिनच्या गोंगाटात आणि हेल्मेटमध्ये तो ऐकूच येत नाही. इंटरकॉममध्ये (आम्ही दोघं हेल्मेटमधून बोलतो त्या यंत्रात) आवाज सोडला, तर नॅव्हिगेटरच्या सूचनेवर आदळणार नाही ना? (स्टेजवर इशारा बंदच ठेवणार, ते वेगळं.) शिवाय वेग नेमका मर्यादेवर रेंगाळला की टीं-टीं थांबत नाही. ६० ला सुरू होऊन ५७ ला थांबेल असं सेटिंग कोणत्या यंत्रात मिळतं?

वायरिंगचा फोटो असेल तर नक्की टाका.