ठाण्यातून गेलेल्या बेने इस्रायली सैनिकाच्या थडग्यावरील मजकूर कसा वाचावा?

प्रश्न (चरईकर):
माझ्या आजीच्या शेजारी, ठाण्यातल्या जुन्या चाळीत, एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातले, कुटुंब राहत असे. ते १९६५ मध्ये इस्रायलला स्थलांतरित झाले. त्यांचा मुलगा तिथे सैन्यात गेला आणि १९७३ च्या युद्धात धारातीर्थी पडला, असे पत्राने कळले होते. त्याच पत्रातून आलेले थडग्याचे छायाचित्र आजीच्या ट्रंकेत सापडले. मजकूर हिब्रूत आहे. दगड इतका बुटका आहे की प्रथम ती उशीच वाटली. यावरून त्याच्याविषयी काय कळू शकेल?

उत्तर १ (उथळसर):
आपल्याला वाटले ते बरोबरच आहे, कारण तिथल्या लष्करी थडग्यांवरचा दगड उशीसारखाच घडवतात आणि हुद्दा कोणताही असो, घडण सारखीच असते. त्यावर साधारणपणे सैनिकाचे नाव, आईवडिलांची नावे, जन्मस्थान, देशात आल्याचे वर्ष, मृत्यूची तिथी आणि वय असते. जन्मस्थानापुढे ‘होदू’ असेल, तर त्याचा अर्थ भारत. ठाण्याचा उल्लेख बहुधा सापडणार नाही. वर्ष हिब्रू अक्षरांत लिहितात, प्रत्येक अक्षराला ठराविक आकडा असतो. त्या युद्धाच्या वर्षासाठी: ताव ४००, शिन ३००, लामेद ३०, दालेत ४, म्हणजे ७३४. हजाराचा आकडा गाळलेला असल्याने ते ५७३४ होय. ७३४ मध्ये १२४० मिळवले की १९७४ येते, परंतु हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिश्री महिन्यापासून सुरू होत असल्याने ऑक्टोबरातला मृत्यू १९७३ चाच धरावा.

उत्तर २ (कोपरीतला वाचक):
इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाच्या ‘यिझकोर’ या संकेतस्थळावर हुतात्म्यांचे जीवनपट हिब्रूत आहेत, तिथे शोधावे. मात्र आडनाव अनेक प्रकारे लिहून पाहावे, कारण ‘पे’ हे अक्षर प आणि फ या दोन्हींसाठी चालते आणि ‘ण’ तर त्या लिपीत नाहीच, त्यामुळे पेणकरचे फेनकर सहज होते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. विवाहाच्या वेळी बेने इस्रायलींच्या वंशाची चौकशी करावी, असा आदेश तिथल्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने १९६२ मध्ये काढला होता आणि क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) १९६४ मध्ये बेने इस्रायलींच्या बाजूने ठराव केल्यावर तो वाद बराचसा निवळला. म्हणजे हे कुटुंब पोहोचले तेव्हा ती जखम ओलीच होती, आणि तरीही आठच वर्षांनी त्यांचा मुलगा त्या देशासाठी लढला. मला स्वतःला हा तपशील रणांगणावरील हकिकतीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

प्रश्नकर्ता (चरईकर):
आपणा दोघांचा आभारी आहे. टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचे प्रार्थनास्थळ, १८७९ ची वास्तू) नियमित जाणाऱ्या एका काकांकडून मजकूर वाचून घेतला. जन्मस्थान ‘होदू’, वय २२. आईवडिलांची नावेही स्पष्ट आहेत. घरी येऊन आईचे नाव आजीला सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “असं होय तिचं नाव? आम्ही तर तिला बाबूची आई म्हणायचो.”