कोयनेचं पाणी पश्चिमेला किती दिवस वळवायचं?

कृष्णाकाठ: कोयना धरणाचा साठा १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातलं ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी वीज करून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत आणि पुढे समुद्रात जातं. १९६० मेगावॉटचं मोल मी नाकारत नाही, राज्यातली कारखानदारी याच विजेवर वाढली. पण आटपाडी, जत, सांगोला उन्हाळ्यात टँकरची वाट बघत असताना कृष्णा खोऱ्याचं पाणी घाटाखाली सोडणं पटत नाही. आता सौरऊर्जा आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने ठरवलेली ६७.५ ची मर्यादा कमाल आहे, तेवढं वळवायलाच हवं असं कुठे आहे?

पोफळीकर: सौरऊर्जा दिवस मावळला की संपते, आणि विजेची खरी ओढ तेव्हाच लागते. कोयनेचे संच काही मिनिटांत चालू होतात, औष्णिकला तासन्‌तास लागतात. शिवाय पश्चिमेला पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडतं. पूर्वेला सोडायचं तर धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहात शंभर मीटरही मिळत नाहीत. वर टेंभू, म्हैसाळ या उपसा योजनांना ते पाणी पंपांनी उचलायचं, म्हणजे वीज घालवून परत वीजच खर्च. आणि उन्हाळ्यात चिपळूणची वाशिष्ठी वाहते ती कोयनेच्या अवजलावर, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यावर, तिचं काय करणार?

माणदेशी: पंपाचं बिल दिसतं, मग टँकरचंही मांडा. टेंभूच्या पाण्याचं आवर्तन आलं की कालव्याजवळच्या विहिरींचा पाझर वाढतो. डाळिंबाच्या बागा त्यावर तगल्यात. मेगावॉटमध्ये हे कसं मोजणार?

जावळीकर: तुम्ही दोघं पाण्याचं भांडताय. ज्यांची घरं-शेतं बुडाली ते हिशोबात आहेत का? धरण १९६४ साली झालं. खोऱ्यातली माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाण्यात विखुरली. जमिनीसाठी नातवंडं अजून मोर्चे काढतायत. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, आणि तो जलाशयामुळेच उद्भवला असं बहुतेक भूकंपतज्ज्ञ मानतात. मागे राहिलेल्या गावांवर आधी अभयारण्याची, मग व्याघ्र प्रकल्पाची बंधनं आली. तापोळ्याकडे जलाशयाच्या पलीकडच्या काठावरून पेशंट आणायचा तर लाँच मिळेल तेव्हा. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आमच्याकडे अक्षरशः खरं आहे.

पोफळीकर: पुनर्वसनाबद्दल वाद नाही. विजेच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा कायद्याने प्रकल्पग्रस्तांना मिळालाच पाहिजे. पण ६७.५ ला हात लावायचा तर आधी घाटात उदंचन प्रकल्प उभारा, जिथे पाणी पंपाने वर चढवून साठवतात आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज करतात, म्हणजे दुपारची सौरवीज संध्याकाळी वापरता येईल.

जावळीकर: म्हणजे परत बोगदे, परत झाडतोड, त्याच डोंगरात. आधीच्यांच्या जमिनीचे सातबारे हातात पडेपर्यंत नव्या प्रकल्पाची एकही कुदळ पडू नये. ही अट तुम्हाला मान्य आहे का, तेवढं सांगा.