स्टिअरिंगमधला प्ले (ढिलेपणा): तो स्क्रू आवळू नका

ऐंशीच्या पुढे गाडी सरळ ठेवायला सारखं स्टिअरिंग हलवावं लागतं, आणि सर्व्हिसवाल्यांनी नुसती अलाइनमेंट करून परत पाठवली, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या फोर बाय फोरचीही हीच रड होती.

वर कुणीतरी प्ले कमी करायला स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्यावरचा) स्क्रू आवळायला सांगितलंय. वॉरंटीत तर मुळीच नको. जास्त आवळला तर स्टिअरिंग मध्यावर जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि 'छेडछाड केली' म्हणायला सर्व्हिसवाल्यांना आयतं निमित्त.

आधी थंड टायरमधली हवा बघा. मग गाडी चारही चाकांवर, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बाजूने वाकून बघायचं (गाडीखाली शिरू नका). ट्रॅक बारचं (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांडीचं) टोक बोल्टपाशी सरकतंय? ड्रॅग लिंकचा (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीचा) जॉइंट आधी हलतोय आणि चाक मागून? की बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट फिरतोय, पण पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंकला ढकलणारा दांडा) ढिम्म? माझ्याकडे ट्रॅक बारचं बुश गेलं होतं. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवल्यावर वाद मिटला.

जॉबकार्डवर 'स्टिअरिंग चेक' एवढंच लिहू देऊ नका. किती वेगाला, कशा रस्त्यावर, ते लिहून घ्या आणि अ‍ॅडव्हायजरला शेजारी बसवून चक्कर मारा. अलाइनमेंटचा प्रिंटआउट मागा, त्यात कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) बघा. पुढे सलग अ‍ॅक्सल असेल आणि लिफ्ट केली (गाडीची उंची वाढवली) असेल तर कॅस्टर कमी होतो. मग टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत असणं) बरोबर असूनही गाडी भरकटते.

लिफ्ट केलीय का तुम्ही?