किनुयो तनाका: कॅमेऱ्यापुढची आणि मागची

जपानी अभिनेत्री तनाका म्हणजे दिग्दर्शक केंजी मिझोगुचीची नायिका, असंच बहुतेकदा म्हटलं जातं. पण तिने स्वतः ६ चित्रपट दिग्दर्शित केले, पहिला १९५३ साली. दुसऱ्याच्या वेळी दिग्दर्शक संघटनेचा अध्यक्ष असलेल्या मिझोगुचीनेच विरोध केला! दिग्दर्शक यासुजिरो ओझू मात्र तिच्या पाठीशी उभा राहिला, त्या चित्रपटाची पटकथाही त्याच्या सहलेखनातली.

तरी मिझोगुचीच्या 'उगेत्सु' चित्रपटाचा शेवट डोळ्यांपुढून हलत नाही. नवरा अंधाऱ्या, रिकाम्या घरात हाका मारत फिरतो, वळसा घालून परत आत येतो, तर बायको, म्हणजे तनाका, चुलीपाशी बसलेली. तो झोपल्यावर ती मुकाट्याने त्याचे कपडे शिवत बसते. ती जिवंत नाही हे उमगतं तेव्हा त्या शांत हातांनीच गळा दाटून येतो.

१९७५ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, बर्लिन चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला तनाकाला.