बँकेनं दिलेले १८ लाख आले कुठून?

लेथवाला, उद्यमनगर
सीएनसी लेथसाठी १८ लाखांचं कर्ज झालं. मशीनवाल्याचं खातं त्याच बँकेत. साहेबांनी कीबोर्ड बडवला, दोन मिनिटांत त्याचा फोन, "जमा झाले." माझ्या आईची ठेव तिथंच आहे, तिच्यातला रुपया हलला नाही. आमचे आण्णा म्हणतात, नाशिकला नोटा छापतात, त्यातल्याच आल्या असतील. पण नोट तर एकही दिसली नाही राव. मग हे पैसे कुणाचे?

निवृत्त बँकवाला, ताराबाई पार्क
कुणाचेच नव्हते. ३१ वर्षं कर्ज विभागात काढली म्हणून सांगतो. तुमच्या कर्जखात्याला नावे, मशीनवाल्याच्या खात्याला जमा. नोंद झाली तिथंच १८ लाख जन्माला आले. आम्हाला शिकवलेलं उलटं, आधी ठेवी गोळा करा, मग कर्ज द्या. बँक ऑफ इंग्लंडनं २०१४ साली आपल्या तिमाही अंकात स्पष्टच लिहिलं, कर्ज देतानाच ठेव तयार होते. एक रुपयाची नोट आणि सगळी नाणी केंद्र सरकारची, बाकी नोटा रिझर्व्ह बँकेच्या. पण लोकांच्या हातातली ही रोकड म्हणजे देशातल्या एकूण पैशाचा सातवा-आठवा हिस्सा. उरलेला सगळा खात्यांवरचा आकडा. आणि हो, तुम्ही मुद्दल फेडाल तसा तो आकडा पुसलाही जातो.

पतसंस्थावाला, गडहिंग्लज
म्हणजे आमची पतसंस्था पण पैसे छापते म्हणा की! कालच सोनेतारणावर ५० हजार दिले.

निवृत्त बँकवाला
नाही हो. तुम्ही चेक कुठल्या खात्यावरचा दिला? बँकेतल्या तुमच्या संस्थेच्या. तिथले ५० हजार कमी झाले, सभासदाला गेले. असलेला पैसा तुम्ही फिरवलात. बँकेनं खात्यावर टाकलेला आकडाच पैसा म्हणून बाजारात चालतो, फरक एवढाच.

कॉमर्सवाला, राजारामपुरी
काका, मग बँका पाहिजे तेवढा पैसा का नाही काढत?

निवृत्त बँकवाला
मशीनवाल्यानं उद्या ते १८ लाख दुसऱ्या बँकेत नेले, की पहिल्या बँकेला रिझर्व्ह बँकेतल्या आपल्या खात्यातून चुकते करावे लागतात. तिथं खडखडाट असेल तर उसने घ्या, व्याज भरा. रिझर्व्ह बँक बँकांना उसने देते त्या व्याजाचा, म्हणजे रेपो दराचा, चटका बसतो तो इथं. शिवाय १०० रुपयांच्या जोखमीमागं निदान ९ रुपये स्वतःचं भांडवल लागतं. आणि फेडणारं गिऱ्हाईक दारात यायला नको का?

लेथवाला
आता खरं दुखणं सांगतो. माझ्या फाईलला चार महिने. कोटेशन तीनदा मागितलं, दोन वर्षांच्या ऑर्डरी दाखवा म्हणले. माझ्या चुलतभावाला कळंब्याकडच्या एनए प्लॉटसाठी अकरा दिवसांत कर्ज. दोघांचाही पैसा नवाच ना? माझ्यातनं व्हॉल्व्हच्या बॉड्या निघतील, दोन पोरं कामाला लागतील. त्याच्यातनं काय निघालं? शेजारच्या गुंठ्याचा भाव चढला. आता शेड वाढवायला मला जागा घ्यायची तर त्याच भावानं. हे ठरवतं कोण?

निवृत्त बँकवाला
माझ्यासारखा माणूस. वसुलीची वेळ आली तर लेथ भंगाराच्या भावानं जाते, प्लॉटला गिऱ्हाईक उभं असतं. सही करताना मी तेवढंच बघायचो. तुमची फाईल माझ्या टेबलावर आली असती, तर मीही कोटेशन तीनदा मागितलं असतं.