अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांसाठी आरोग्यशिक्षण: साहित्य कोणी बनवायचं, आणि आधी नळ की आधी व्हिडिओ?

वाळवंटातली_सिस्टर:

मी ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीत नर्स आहे. आडबाजूच्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांमधल्या दवाखान्यांत काम करते. परवा एका मराठी घरी जेवताना ऐकून घ्यावं लागलं, "या लोकांसाठी सरकार पत्रकं छापतं, व्हिडिओ काढतं, तरी आजार हटत नाहीत. शिकायचंच नाही त्यांना." तिथे वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडते.

माझ्या मते साहित्याला तोटा नाही. पण ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना न विचारताच बरंचसं बनतं. शहरातली एजन्सी मजकूर लिहिते, भोवती अ‍ॅबोरिजिनल चित्रांसारखी ठिपक्यांची नक्षी काढते आणि खोके भरून दवाखान्यात पाठवते.

रुमॅटिक फीवरचं घ्या. स्ट्रेप ए जंतूंनी घसा किंवा त्वचा बिघडते, वेळेवर उपचार झाले नाहीत तर पुढे ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. श्रीमंत देशांतून जवळपास हद्दपार झालेला हा आजार इथल्या अ‍ॅबोरिजिनल मुलांना अजून गाठतो. तो उलटू नये म्हणून दर 28 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. औषध दाट असतं, टोचल्यावर चांगलंच ठणकतं. आणि मूल तर मजेत फुटबॉल खेळत असतं. आईला हे का पटावं?

अशाच एका आईला मी इंग्रजी फ्लिपचार्ट दाखवत होते. ती पानोपानी मान हलवत होती. मग आमची अ‍ॅबोरिजिनल हेल्थ वर्कर तिला बाहेर सावलीत घेऊन गेली. दोघी जमिनीवर बसल्या. हिने बोटाने मातीत बोअरचा पंप काढला, झडप गळायला लागली की पाणी मागे कसं येतं आणि मोटरवर ताण कसा पडतो ते त्यांच्या भाषेत सांगितलं, मग शेजारी हृदय काढलं. आता कुठे आईने प्रश्न विचारायला सुरुवात केली. धाकट्याच्या पायावरच्या फोडांमुळेही असं होईल का, हा त्यातला एक. अगदी नेमका प्रश्न!

हे काही आजचं नाही. 1987 मध्ये एड्सची भीती घालणारी ग्रिम रीपरची, म्हणजे कोयता घेतलेल्या मृत्यूची, जाहिरात ऑस्ट्रेलियाभर टीव्हीवर गाजत होती. त्याच वर्षी टाउन्सव्हिलमध्ये ग्रेसलिन स्मॉलवुड आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅबोरिजिनल आरोग्य कार्यकर्त्यांनी कंडोम वापरायला सांगणारा 'कॉन्डोमॅन' हा सुपरहीरो उभा केला. "डोन्ट बी शेम, बी गेम" (लाजू नकोस, तयार राहा) हे त्याचं घोषवाक्य. लाज वाटणाऱ्या विषयावर लोक हसतखेळत बोलू लागले. पैसा अशा हातांत द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

नळजोड:

सिस्टर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण असहमत. मी स्थापत्य अभियंता आहे आणि मला हा सगळा खर्चच चुकीच्या जागी होतोय असं वाटतं.

1985 च्या सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला, अनंगू लोकांच्या प्रदेशात, नगनम्पा हेल्थ कौन्सिलचे यामी लेस्टर यांनी तीन माणसांना कामाला लावलं: वास्तुतज्ज्ञ पॉल फोलेरोस, डॉक्टर पॉल टोर्झिलो आणि पर्यावरण-आरोग्यातले स्टीफन रेनो. काम एकच, लोक आजारी पडणंच थांबवा. त्यांनी निरोगी राहण्यासाठी घरात करता यायला हव्यात अशा नऊ गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे आंघोळ, त्यातही लहान मुलांची. यातूनच पुढे देशभर हजारो घरं तपासली गेली. धड चालणारा शॉवर जेमतेम एक तृतीयांश घरांत सापडला. दोष शोधले तेव्हा राहणाऱ्यांनी केलेली मोडतोड दहा टक्क्यांच्याही आत निघाली. बाकी सगळं देखभाल नाही म्हणून, आणि मुळात बांधकामच वाईट म्हणून. तुमच्या जेवणाच्या टेबलावरच्या गृहस्थांना हे ऐकवा.

न्यू साउथ वेल्सने अशी घरं दुरुस्त केली आणि 1998 ते 2008 चा हिशेब मांडला. दुरुस्त घरांतल्या लोकांचं संसर्गजन्य आजारांनी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण दुरुस्ती न झालेल्या घरांतल्यांपेक्षा 40 टक्क्यांनी कमी होतं. तिथे प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन गेले होते. पेट्रोल हुंगण्याचंही तेच. व्याख्यानं देऊन झाली, पण 2005 पासून हुंगून नशा न होणारं ओपल इंधन पंपांवर आलं तेव्हा आकडे खरे घसरले. ज्या घरात पाणी येत नाही तिथल्या आईला हात धुण्याचा व्हिडिओ दाखवणं हा तिचा अपमान आहे.

मेलबर्नचा_वैद्य:

नळजोड, घरांबद्दल पूर्ण सहमत. पण 'आधी हे, मग ते' असं करता येत नाही. ट्रॅकोमाच पाहा. डोळ्यांचा हा संसर्ग ऑस्ट्रेलिया सोडून बाकीच्या श्रीमंत देशांनी केव्हाच संपवला होता. त्याविरुद्धच्या योजनेत शस्त्रक्रिया, अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसर सुधारणा ही चारही कामं एकत्र चालतात. मिल्पा नावाची गोअ‍ॅना, म्हणजे आपल्या घोरपडीची बहीण, हे या मोहिमेचं पात्र शाळांमध्ये जाऊन पोरांना चेहरा धुवायला सांगते. मुलांना ती फार आवडते. नळ हवाच, पण चिकट चेहऱ्याने रोग पसरतो हेही कोणीतरी सांगायलाच हवं.

माझा आक्षेप सिस्टरांच्या मुद्द्याला आहे. एकट्या नॉर्दर्न टेरिटरीत शंभराहून जास्त भाषा आणि बोली आहेत. प्रत्येक वस्तीने आपापलं साहित्य बनवायचं तर वैद्यकीय चुका कोण तपासणार? रुमॅटिक फीवरच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती 2020 मध्ये आली. उपचार बदलले की जुना व्हिडिओ लोकांच्या फोनवर तसाच फिरत राहतो. मला एकच नीट तपासलेला, साध्या इंग्रजीतला संच आणि प्रत्येक दवाखान्यात चांगला दुभाषी जास्त भरवशाचा वाटतो.

वाळवंटातली_सिस्टर:

डॉक्टर, वैद्यकीय गाभा एका ठिकाणी तपासला जावा हे मान्य. पण तुमचा एकच संच वस्तीत पोचला की काय होतं ते सांगते. व्हिडिओतला माणूस वारला की त्याचा चेहरा आणि आवाज दाखवणं अनेक समाजांत चालत नाही, ती फिल्म बाजूला ठेवावी लागते. कोणाला विचारून ती पुन्हा लावायची, हे कॅनबेरातल्या कार्यालयाला कसं कळणार? गर्भाशयमुखाच्या तपासणीचा तक्ता पुरुष बसलेल्या प्रतीक्षागृहात लावला, तर बायका तिकडे पाहतसुद्धा नाहीत. बायकांचं बायकांत, पुरुषांचं पुरुषांत. या गोष्टी साहित्य बनवतानाच ठरतात, नंतर भाषांतर करून त्यात घालता येत नाहीत.

आणि वेगाबद्दल म्हणाल, तर 2020 मध्ये कोविड आला तेव्हा लोकांच्या जमिनींचं काम पाहणाऱ्या लँड कौन्सिलने भराभर कितीतरी अ‍ॅबोरिजिनल भाषांत व्हिडिओ काढले.

स्वान_नदीकाठी:

मला मूळ प्रश्नच पडतो. आपण इथे आलो तेव्हा मराठीत आरोग्यपत्रक कोणी हातात ठेवलं नव्हतं. आपण इंग्रजी वाचलं, डॉक्टर शोधला. एका समाजासाठी सगळं वेगळं करत राहिलं तर ते कायम वेगळेच राहतील असं मला मनापासून वाटतं. सरकारी दवाखाना सगळ्यांना सारखा असावा.

वाळवंटातली_सिस्टर:

दादा, आपण पदव्या आणि व्हिसा घेऊन स्वखुशीने आलो. ते आपल्याच घरात होते आणि त्यांच्या घरात सरकार शिरलं. साधारण 1910 ते 1970 च्या दशकापर्यंत मुलं आईबापांपासून तोडून नेली गेली. त्याची माफी देशाच्या पंतप्रधानांनी 13 फेब्रुवारी 2008 ला संसदेत मागितली. डार्विनजवळच्या चॅनेल आयलंडवर 1931 ते 1955 कुष्ठरोग्यांना ठेवत, आणि किती जणांना तिथे बळजबरीने नेलं! अशा आजीची नात आज माझ्यासमोर बसते आणि मी गणवेशात असते. ती का घाबरते हे मला समजून घ्यावंच लागतं. सारखा दवाखाना त्यांनाही हवाच होता. मिळाला नाही, म्हणून 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये त्यांनी स्वतःचा सुरू केला. आज समाजाच्या ताब्यातल्या अशा आरोग्यसंस्था 140 हून जास्त आहेत.

नळजोड:

रेडफर्नचा मुद्दा मला पटतो, आणि तोच पुढे नेतो. मग फक्त साहित्याचा पैसा का द्यायचा? घरदुरुस्तीसकट सगळा पैसा एकत्र करून स्थानिक मंडळाकडे सोपवा. नळ घ्यायचा की फिल्म काढायची ते त्यांनाच ठरवू द्या. माझी पैज आहे, पहिल्या वर्षी एकही फिल्म निघणार नाही.

वाळवंटातली_सिस्टर:

पैसा त्यांच्याकडे सोपवायला माझी दोन्ही हातांनी संमती. पैज मात्र तुम्ही हराल. आमच्या इथल्या बायकांनी गरोदरपणातल्या मधुमेहावर स्वतः बोललेली फिल्म हवी म्हणून दवाखान्याच्या बैठकीत मागणी लावून धरली आहे, आणि त्याच बैठकीत चार घरांच्या तुंबलेल्या गटारांची यादीही त्यांनीच दिली. दोन्हींसाठी वेगवेगळ्या खात्यांचे वेगवेगळे अर्ज आहेत. गटारांचा अर्ज भरायला मदत कराल का? मी खासगी निरोप पाठवते.